थायलंडमध्ये मोटरसायकलवरून मे हाँग सोनची फेरी : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

उत्तर थायलंडमधल्या चियांग माई शहरातून निघायचं, डोंगरातून पश्चिमेला ब्रह्मदेशाच्या सीमेपर्यंत जायचं, दक्षिणेला उतरायचं आणि पुन्हा चियांग माईला यायचं. सुमारे ६०० किलोमीटरचा हा रस्ता ‘मे हाँग सोन लूप’ म्हणून ओळखला जातो. वाटेत १,८६४ वळणं आहेत असं तिथले लोक अभिमानाने सांगतात, आणि मे हाँग सोन गावात त्या आकड्याचं प्रमाणपत्रही मिळतं. रस्ता उत्तम, रहदारी डाव्या बाजूने, डोंगर हिरवे, लोक शांत. सह्याद्रीतल्या घाटांत गाडी चालवणाऱ्याला परदेशातली पहिली फेरी करायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

तरी दरवर्षी आपल्याकडची मंडळी तिथे अडकतात. अडकतात ती वळणांवर कमी आणि कागदांवर जास्त. परवाना, विमा आणि भाड्याची गाडी या तीन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. परवाना चुकीचा असला की विमा लागू होत नाही, आणि विमा नसला की गाडीचा एक साधा अपघातही लाखांत जातो. म्हणून या लेखातला मोठा भाग निघण्याआधीच्या तयारीबद्दल आहे.

१. आधी देश तपासा, मग तिकीट काढा

भारतात आरटीओ जो आंतरराष्ट्रीय परवाना देतं, म्हणजे आपण ज्याला आयडीपी म्हणतो, तो १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतो. थायलंड तो मानतं. व्हिएतनाम मानत नाही. तिथे १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला परवानाच चालतो. व्हिएतनाममधल्या ‘हा जियांग’ या डोंगराळ भागातल्या दुचाकी फेरीचे व्हिडिओ पाहून भारतीय आयडीपी घेऊन जाणारे खूप आहेत. तिथलं दुकान गाडी देतं, कोणी काही विचारत नाही, पण कायद्याच्या नजरेत तुम्ही विनापरवाना असता. हा जियांगला जायचंच असेल तर तिथल्या परवानाधारक चालकाच्या मागे बसून जा. तशी सोय तिथे सर्रास मिळते.

स्वतःचीच गाडी न्यायची असेल तर नेपाळ आणि भूतान हे आपल्यासाठी सोपे देश, पण त्यांची प्रक्रिया पूर्ण वेगळी आहे. इथे फक्त थायलंडबद्दल, भाड्याच्या गाडीबद्दल.

२. आंतरराष्ट्रीय परवाना काढा

आधी तुमचं मूळ लायसन्स हातात घ्या आणि त्यावर एमसीडब्ल्यूजी, म्हणजे गिअरची मोटरसायकल, हा वर्ग आहे का ते पाहा. फक्त चारचाकीचं लायसन्स असलेले अनेकजण आयडीपी काढतात आणि त्या जोरावर स्कूटर घेतात. ते बेकायदा आहे. आयडीपीवर वाहनांचे वर्ग ए, बी, सी असे छापलेले असतात. मोटरसायकलसाठी ए वर्गासमोर शिक्का हवा. पुस्तिका हातात आली की आरटीओच्या खिडकीसमोरच ते पान उघडून बघा. शिक्का राहिला असेल तर तिथेच दुरुस्त करून घेता येतो. चियांग माईला पोहोचल्यावर काही करता येत नाही.

अर्ज परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावरून करायचा. नमुना ४ए, शुल्क १,००० रुपये. सोबत लागतात :

- मूळ वाहन परवाना आणि त्याची प्रत
- पासपोर्टची प्रत
- विमानाचं तिकीट
- व्हिसाची प्रत, लागू असेल तर
- डॉक्टरने भरलेला नमुना १ए
- पासपोर्ट आकाराचे फोटो

भारतीय पर्यटकांसाठी थायलंडचे व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदललेत. तुम्ही जाल त्या वेळी आधी व्हिसा काढावा लागत नसेल तर खिडकीवर “व्हिसाची प्रत कुठे?” असा प्रश्न येऊ शकतो. दूतावासाच्या संकेतस्थळावरच्या नियमाची छापील प्रत जवळ ठेवा, वाद टळतो. प्रत्येक आरटीओची पद्धत थोडी निराळी असते, त्यामुळे महिनाभर आधी एकदा जाऊन विचारून या.

आयडीपीची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. तो एकटा चालत नाही, मूळ लायसन्ससोबतच ग्राह्य धरतात. फोनमधलं डिजिलॉकर थायलंडच्या पोलिसांना उपयोगाचं नाही. प्लास्टिकचं कार्ड आणि पुस्तिका, दोन्ही अंगावर हवीत. पुस्तिका कागदी असते, म्हणून पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा.

आणि एक कळकळीची विनंती. “तिथे स्कूटरला कोणी काही विचारत नाही” हे ऐकून परवान्याशिवाय जाऊ नका. न विचारणं हे दुकानदाराच्या सोयीचं आहे. विचारणारा पहिला माणूस विमा कंपनीचा असेल, आणि तेव्हा तुम्ही रुग्णालयात असाल.

३. विम्याचे अपवाद वाचा

तिकिटासोबत एका टिचकीवर मिळणारा स्वस्त प्रवास विमा मोटरसायकलसाठी पुरेल असं गृहीत धरू नका. पॉलिसीच्या कागदात ‘अपवाद’ नावाचं प्रकरण शोधा आणि तीन गोष्टी पाहा. दुचाकी चालवताना झालेली इजा धरलेली आहे का? इंजिनाच्या सीसीवर मर्यादा आहे का? काही पॉलिसी ठरावीक सीसीच्या वरची गाडी साहसी खेळात मोजतात. आणि डबल सीट बसणाऱ्या माणसाला वेगळी पॉलिसी लागते का? लागतेच, कारण प्रवास विमा माणसागणिक असतो.

कागदातली भाषा संदिग्ध वाटली तर विमा कंपनीला ईमेल करा : “मी भारतीय परवाना आणि आयडीपी घेऊन थायलंडमध्ये इतक्या सीसीची भाड्याची मोटरसायकल चालवणार आहे, अपघात झाल्यास उपचारांचा खर्च मिळेल का?” लेखी उत्तर जपून ठेवा. फोनवरच्या गोड बोलण्याला दाव्याच्या वेळी किंमत नसते. हेल्मेट नसणं आणि दारू पिऊन चालवणं या दोन कारणांनी दावे हमखास फेटाळले जातात.

थायलंडमध्ये प्रत्येक गाडीला ‘पोर रोर बोर’ नावाचा सक्तीचा विमा असतो. दुकानदार “इन्शुरन्स आहे” म्हणतो तेव्हा बहुधा हाच असतो. त्यात जखमी माणसाच्या उपचारांसाठी मर्यादित रक्कम मिळते, ८०,००० बाटांच्या (बाट हे थायलंडचं चलन) घरात. मोठ्या खासगी रुग्णालयात हाड मोडल्याची शस्त्रक्रिया झाली तर ही रक्कम कधी संपेल कळणारही नाही. काही दुकानं जादा पैसे घेऊन ‘फुल इन्शुरन्स’ देतात. तो बहुतेक वेळा गाडीच्या नुकसानीपुरता असतो. किती रकमेपर्यंतचं नुकसान तुमच्या माथी आणि चोरी धरली आहे का, हे दोन प्रश्न विचारून घ्या.

४. महिना निवडा

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. बस, हाच काळ.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत शेतं आणि रानं पेटवली जातात. धूर खोऱ्यांत साचून राहतो, डोंगर दिसत नाहीत, डोळे चुरचुरतात. त्या दिवसांत चियांग माईची हवा जगातल्या सर्वांत वाईट शहरांच्या रांगेत जाऊन बसते. स्वस्त तिकिटाच्या मोहात मार्चमध्ये जाऊ नका. १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे त्यांचं नववर्ष. रस्त्यावर धावत्या दुचाकीवर बादलीभर पाणी येतं आणि त्या आठवड्यात अपघातही सर्वाधिक होतात. सण बघायला जरूर जा, पण पायी. जून ते ऑक्टोबर पाऊस. आपल्याला पावसात चालवायची सवय असते, तरी दरडी आणि वळणावरचं शेवाळ तिथेही आहेच.

नोव्हेंबरचं एक खास आकर्षण म्हणजे फेरीच्या वाटेवरच्या खुन युआम गावाजवळ दोई मे उ खो या डोंगरावर फुलणारी पिवळी बुआ तोंग फुलं. कासचं पठार पाहिलेल्यांना ती गर्दी आणि तो आनंद दोन्ही ओळखीचे वाटतील. याच महिन्यात लोई क्राथोंग आणि यी पेंग हे दिव्यांचे सण येतात, तेव्हा चियांग माईत खोल्या मिळणं कठीण असतं.

५. काय बरोबर न्यायचं

हेल्मेट घरचंच न्या. भाड्याच्या दुकानात मिळणारी हेल्मेटं बहुतेक अर्धी, सैल पट्ट्यांची असतात. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट विमानात हातातल्या सामानात चालतं का ते विमान कंपनीला विचारून घ्या. बाकी यादी छोटी आहे :

- हातमोजे, गुडघ्या-कोपरांचे गार्ड, घोट्याच्या वर येणारे बूट
- रेनकोट आणि एक गरम जॅकेट. डिसेंबर-जानेवारीत फेरीतल्या पाई या गावात पहाटेचं तापमान १० अंशांच्या खाली जातं. ‘थायलंड म्हणजे गरमी’ या समजुतीने गेलेले लोक सकाळी कुडकुडत असतात.
- फोन लावायचा क्लॅम्प, पॉवर बँक, आधीच उतरवून घेतलेला ऑफलाइन नकाशा
- प्रथमोपचार : बेटाडिन, क्रेप बँडेज, गोळ्या
- पासपोर्ट, आयडीपी आणि पॉलिसीच्या दोन-दोन प्रती

सामान एका सॅकमध्ये मावेल इतकंच. मोठी बॅग चियांग माईच्या हॉटेलात ठेवता येते, बहुतेकजण विनाशुल्क ठेवून घेतात.

थायलंडमध्ये उतरण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्र ऑनलाइन भरावं लागतं. १ मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे आणि सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य आहे. पैसे मागणारी नकली संकेतस्थळं बरीच आहेत, सावध राहा.

६. गाडी भाड्याने घेताना

चियांग माईच्या जुन्या शहरात, चौकोनी खंदकाच्या आत-बाहेर, दुकानंच दुकानं आहेत. १२५ सीसी स्कूटर दिवसाला साधारण २५० ते ३५० बाट, मोठ्या मोटरसायकली १,००० बाटांच्या पुढे. एकटे असाल आणि सामान कमी असेल तर १२५ सीसी पुरते. डबल सीट असाल तर निदान १५०-१६० सीसीची घ्या, नाहीतर चढावर मागचे ट्रक तुम्हाला ढकलत येतील.

मला विचाराल तर गिअरची मोटरसायकल घ्या. लांब उतारावर आपण घाटात करतो तसं गिअर खाली टाकून वेग धरता येतो. स्कूटरवर सगळा भार ब्रेकवर येतो, आणि पाईकडे जाणाऱ्या १०९५ क्रमांकाच्या रस्त्यावर तो सतत येत राहतो. ब्रेक तापले की लिव्हर मऊ लागायला लागतो. तेव्हा थांबा, पंधरा मिनिटं गाडी निवू द्या.

आता सापळे.

पासपोर्ट ठेवून घेऊ देऊ नका. दुकानदार आधी तोच मागतो. पण हॉटेलात नोंदणीला, वाटेतल्या तपासणीला पासपोर्ट लागतो, आणि ओरखड्यावरून वाद झाला तर तुमचा पासपोर्ट त्याच्या खणात असतो. रोख अनामत आणि पासपोर्टची प्रत घेणारी दुकानं आहेत, काही हजार बाट जास्त अडकले तरी तिथेच जा. अनामतीची पावती घ्या.

गाडीचा व्हिडिओ काढा. दुकानदारासमोर, चारही बाजूंनी, आरशापासून सायलेन्सरपर्यंत, आणि शेवटी किलोमीटरचा आकडा. जुना ओरखडा बोटाने दाखवून करारावर लिहून घ्या.

मग गाडी तपासा. टायर गुळगुळीत झालेले असतील तर दुसरी मागा. दोन्ही ब्रेक, हेडलाइटचे दोन्ही झोत, इंडिकेटर, हॉर्न, चेनची ढिलाई, हवा. पुढच्या भागावर चिकटवलेला चौकोनी कराचा कागद बघा. त्यावर मुदत संपण्याचं वर्ष मोठ्या अक्षरांत असतं, पण ते बुद्ध संवतातलं. आपल्या सनात ५४३ मिळवा, म्हणजे २०२६ साठी २५६९. मुदत उलटलेली असेल तर ती गाडी घेऊ नका. नोंदणीपत्राची छायाप्रत आसनाखाली आहे ना तेही पाहा. करारात तुम्ही कुठे जाणार ते लिहून घ्या, कारण काही दुकानांचे करार चियांग माई जिल्ह्याबाहेर चालत नाहीत. पंक्चर किंवा बिघाड झाल्यास फोन कोणाला करायचा, त्याचा नंबर घ्या.

घेतल्यावर लगेच डोंगरात शिरू नका. त्या दिवशी दोई सुथेपच्या देवळापर्यंत जाऊन या. शहराला लागूनच आहे, वळणं भरपूर आहेत, आणि काही खटकलं तर तासाभरात गाडी बदलता येते.

७. टप्पे ठरवा

कमीत कमी पाच दिवस, शक्य असेल तर सात. ६०० किलोमीटर म्हणजे आपल्या हायवेवर एका दिवसाचा विषय, पण इथे ताशी सरासरी ३५-४० च्या वर जात नाही, आणि जाऊही नये. रोज दीडशेच्या आसपास ठेवा.

चियांग माई ते पाई, सुमारे १३० किलोमीटर. १०७ क्रमांकाच्या रस्त्याने उत्तरेला मे मालाईपर्यंत सपाट आणि वर्दळीचा भाग, तिथे डावीकडे १०९५ लागतो. पाईपर्यंत ७६२ वळणं सांगतात. या टप्प्यावरचा खरा धोका म्हणजे प्रवासी मिनीव्हॅन. त्या वळणावर पलीकडच्या लेनमधून कापत येतात. उजव्या वळणावर मधल्या रेषेला चिकटू नका, डोकं रेषेपलीकडे झुकलेलं असतं हे लक्षात राहत नाही. मागून व्हॅन आली तर बाजूला होऊन जाऊ द्या. पाईमध्ये बँडेज बांधून फिरणारे परदेशी तरुण मोठ्या संख्येने दिसतात. त्यातले कितीतरी जण आयुष्यात पहिल्यांदा स्कूटरवर बसलेले असतात. पहिली दुचाकी शिकायची ही जागा नाही, आधी ताम्हिणी-वरंध्यासारख्या घाटांत हात साफ झालेला हवा.

पाई ते मे हाँग सोन, सुमारे ११० किलोमीटर. फेरीतला सर्वांत सुंदर टप्पा माझ्या मते हाच. पांग माफाजवळ आत वळून थाम लोद गुहा बघा. नदी गुहेच्या आरपार वाहते, बांबूच्या तराफ्यावरून जायचं, आणि कंदील घेतलेली गावातली वाटाडी सोबत असते. मे हाँग सोन हे शान लोकांचं गाव. मधोमध तळं, काठावर वात चोंग खाम आणि वात चोंग क्लांग ही जोडदेवळं. इथे दोन रात्री राहा. मधल्या दिवशी बान राक थाईला जाऊन या : चीनच्या युन्नानमधून आलेल्या राष्ट्रवादी सैनिकांच्या वंशजांचं गाव, चहाचे मळे, मातीची घरं. सीमा अगदी जवळ आहे. सैन्याच्या चौकीवर थांबवलं तर हेल्मेट काढा, पासपोर्ट दाखवा. नकाशावर दिसणाऱ्या आडवाटांनी सीमेकडे जाऊ नका, आणि भाड्याची गाडी घेऊन सीमा ओलांडायचा विचारही नको.

मे हाँग सोनहून पुढे १०८ ने खुन युआम गाठलं की दोन पर्याय. सरळ दक्षिणेला मे सारियांगला मुक्काम करून हॉट आणि चोम थोंग या गावांमार्गे परत यायचं, रस्ता रुंद आणि निवांत. किंवा खुन युआमहून १२६३ ने मे चेम, आणि दुसऱ्या दिवशी दोई इंथानोनवरून उतरायचं. २,५६५ मीटर उंचीचं हे थायलंडमधलं सर्वोच्च शिखर. मे चेमकडून चढ फार तीव्र आहे. डबल सीट १२५ सीसीवर हा पर्याय घेऊ नका. राष्ट्रीय उद्यानात परदेशी पर्यटकांना प्रवेश शुल्क पडतं, साधारण ३०० बाट, शिवाय गाडीचं वेगळं.

अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचा. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, वळणांवर दिवे नसतात, कुत्री आणि गुरं रस्त्यावर बसलेली असतात.

८. तिथले रस्त्याचे रिवाज

डाव्या बाजूने चालवणं जुळतं म्हणून आपण गाफील राहतो. फरक आहेत. हॉर्न जवळजवळ कोणी वाजवत नाही, तुम्हीही वाजवू नका. आंधळ्या वळणावर एक छोटा पुरे. समोरच्याने लाइट मारला तर तो “मी येतोय, थांब” असं सांगतो. दुचाकीने डावीकडच्या लेनमध्ये राहायचं असतं, आणि मोटरवे-एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. लाल रंगाच्या सोंगथेव, म्हणजे तिथल्या शेअर गाड्या, प्रवासी दिसला की जागच्या जागी थांबतात.

हे सगळं शिस्तीचं वाटलं तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालांत थायलंडमधल्या रस्ते-अपघाती मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश दुचाकी-तीनचाकीवरचे आहेत. रस्ता चांगला म्हणून वेग वाढतो, हेच कारण तिथे गाडी चालवताना जाणवत राहतं.

पोलिसांनी थांबवलं तर गाडी बंद करा, हसून “सवादी ख्राप” म्हणा, स्त्री असाल तर “सवादी खा”, आणि लायसन्स-आयडीपी एकत्र द्या. दंड झाला तर पावती मागा.

९. पेट्रोल, पैसे, जेवण

टाकी अर्धी झाली की भरा. पाई, मे हाँग सोन, खुन युआम, मे सारियांग इथे पंप आहेत, मधल्या गावांत बाटलीतलं पेट्रोल मिळतं. गॅसोहोल (इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) ९१ किंवा ९५ घ्या, ई८५ नको, त्यात इथेनॉल फार जास्त असतं. “तेम थांग” म्हणजे टाकी फुल.

एटीएम प्रत्येक वेळी २०० बाटांहून जास्त शुल्क कापतं, म्हणून थोडे थोडे पैसे काढू नका. डोंगरात रोखच चालते.

शाकाहारी मंडळींनी “किन जे” हे दोन शब्द पाठ करावेत, म्हणजे मांस, अंडं काही नको. “माय साय नाम प्ला” म्हणजे माशाचा सॉस घालू नका. पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरांत लिहिलेली ‘जे’ची पाटी दिसली की निर्धास्त आत जा. मे सारियांगच्या बाजूला अशी दुकानं विरळ आहेत, खाऊ जवळ ठेवा.

१०. पडलात तर

रुग्णवाहिका १६६९, पोलीस १९१, पर्यटक पोलीस ११५५. शेवटचा नंबर आधीच साठवून ठेवा, तिथे इंग्रजी बोलतात. गाडी हलवण्याआधी फोटो काढा. विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर त्याच दिवशी कळवा, दाव्याला बहुतेक वेळा पोलीस अहवाल लागतो. थाई भाषेतल्या कागदावर समजल्याशिवाय सही करू नका. पाई आणि मे हाँग सोनला सरकारी रुग्णालयं आहेत, मोठ्या उपचारांसाठी चियांग माईलाच न्यावं लागतं. चियांग माईमध्ये भारताचा वाणिज्य दूतावासही आहे. पासपोर्ट हरवला तर तिथे जा.

११. गाडी परत करताना

टाकी करारात लिहिल्याइतकी भरा, गाडी धुऊन घ्या. धुण्याचा खर्च किरकोळ असतो आणि दुकानदाराचा सूर बदलतो. दुकान उघडं असताना, उजेडात परत करा. रात्री किल्ली टाकून जाऊ नका. दुकानदाराने नवा ओरखडा दाखवला तर आधी गाडी घेताना काढलेला व्हिडिओ त्याला दाखवा, आणि तो खरोखर नवा असेल तर सुट्या भागाची किंमत बाहेरच्या शोरूममध्ये विचारून मगच पैसे द्या. अनामत मोजून घ्या. परतीचं विमान त्याच दिवशीचं ठेवू नका, मध्ये एक मोकळा दिवस असू द्या. मे सारियांगला पंक्चर झालं तरी त्या एका दिवसात सगळं निभावतं.